निवडणारे हात

मराठीत 'निवडणे' हे रोजच्या वापरातले साधे क्रियापद आहे. आपण तांदूळ निवडतो, भाजी निवडतो आणि मतदानाच्या दिवशी प्रतिनिधीही निवडतो. आमच्या लहानपणी दुपारची जेवणे आटोपली, की घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया सूप घेऊन सोप्यात बसत. पाखडणे, घोळणे, चाळणे, वेचणे अशा क्रियांतून खडा, कोंडा, कणी आणि चांगला दाणा एकमेकांपासून अलग होत. कोंडा गुरांपुढे जाई, कणी कोंबड्यांना पडे, खडा परड्यात जाई. फाटलेल्या लुगड्यांची वाकळ होई, जुने कपडे बोहारणीला देऊन भांडे घेतले जाई, चुलीतली राख भांडी घासण्यास लागे आणि शेण व केर उकिरड्यात मुरून शेतात परत जाई. उकिरड्याचेही पांग बारा वर्षांनी फिटतात, ही म्हण ज्या समाजाने घडविली, त्या समाजाला टाकाऊ वस्तूच्या भवितव्याविषयी काही आशा होती, असे म्हणावयास हरकत नाही.

आज त्याच घरांतून सकाळी जी पिशवी बाहेर पडते, तिच्यात ही आशा उरलेली नाही. उरलेला भात, दुधाची रिकामी पिशवी, औषधाच्या गोळ्यांची पट्टी, कालचे वर्तमानपत्र, फुटका पेला आणि संपलेला सेल हे सारे तिच्यात एकत्र बांधलेले असते. धान्य निवडणारे आपण कचरा मात्र निवडीत नाही. हे न निवडणे म्हणजे केवळ अव्यवस्था समजावी, की तिला नैतिक चूक म्हणावे, हा प्रश्न आम्ही या लेखात मांडू इच्छितो. साहित्याच्या त्रैमासिकात हा केरसुणीचा विषय कशाला, असे काही वाचकांस वाटेल. परंतु गाडगे महाराजांनी (१८७६-१९५६) दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडले आणि रात्री त्याच गावाला कीर्तनातून चार गोष्टी सांगितल्या. त्यांच्या महाराष्ट्रात तरी हा संकोच आपण बाळगू नये.

आमचे वास्तव्य आष्ट्याचे. सांगलीहून पेठ नाक्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे, वाळवा तालुक्यातील हे नगरपरिषदेचे गाव. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ३७ हजारांच्या आसपास होती. भोवती कृष्णाकाठची काळी जमीन आणि तीत उभा ऊस. या टापूला निवडण्याचे शास्त्र बाहेरून कोणी येऊन शिकवावे, अशी परिस्थिती नाही. साखर कारखान्यात उसाचा रस निघाला, की उरलेला बगॅस बॉयलरखाली जळण म्हणून जातो, मळीपासून अल्कोहोल काढतात आणि प्रेसमड खत होऊन शेतात परततो. हे सारे साधते, कारण प्रत्येक टप्प्यावर एक पदार्थ दुसऱ्यापासून वेगळा होतो. बगॅसमध्ये मळी मिसळली, तर ना धड जळण मिळेल ना अल्कोहोल. सांगलीच्या बाजारात हळकुंड आणि गड्डा वेगळे विकले जातात. सरमिसळ मालाला भाव येत नाही, हे कोणत्याही हळदवाल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. वेगळे केल्याने मोल वाढते आणि मिसळल्याने ते बुडते, हे ज्ञान आमच्या गावात आहेच. ते शिवारात आणि बाजारात वापरले जाते. घराच्या मागच्या दारापर्यंत मात्र पोहोचत नाही.

आमच्याही मागच्या दाराशी ते पोहोचले नव्हते. काही वर्षांपूर्वी आमच्या घरी नातवाच्या स्नानसंस्काराचे जेवण झाले. पाहुणे गेल्यावर थकलेल्या अंगाने आम्ही सर्वांनी मिळून आवराआवर केली आणि उरलेला भात, पत्रावळ्या, प्लॅस्टिकचे पेले व गडबडीत फुटलेल्या काचेच्या बरणीचे तुकडे एका मोठ्या काळ्या पिशवीत कोंबून तिला गाठ मारली. दुसऱ्या दिवशी सकाळी घंटागाडीबरोबर आलेल्या बाईंनी ती पिशवी उचलली, आणि काच पिशवी फाडून त्यांच्या तळहातात शिरली. आम्ही धावत जाऊन हळद आणली, पट्टी बांधली, दवाखान्याचे पैसे देऊ केले. ते त्यांनी घेतले नाहीत. "पैसं नगोत. काच हाय म्हनून तेवढं सांगायचं हुतं," एवढेच त्या म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताने शेजारच्या घरची पिशवी त्यांनी उचलली.

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून ते आम्हांस अधिक लागले. आदल्याच दिवशी वेदीपुढे उभे राहून त्या बालकाच्या वतीने आमच्या कुटुंबाने पापाचा त्याग करण्याचे वचन दिले होते. चोवीस तास उलटले नाहीत तोच आम्ही एका माणसाच्या जखमेला कारण झालो होतो. आमच्या मनात त्या बाईंविषयी काहीही वाईट नव्हते. खरे पाहता त्यांच्याविषयी काहीच नव्हते. पिशवीला गाठ मारताना त्या आमच्या ध्यानीमनीही नव्हत्या. हेतू वाईट नसेल तर दोष नाही, असे आपण सहज म्हणतो. पण ज्याचा विचार सहज करता आला असता, त्याचा विचारच न करणे, याला दोष म्हणावयाचे नाही काय?

आमच्या मते येथे भाषाच आपल्याला चकविते. 'टाकणे' या क्रियेला कर्ता असतो, कर्म असते. घेणारा असावाच लागतो असे नाही. 'देणे' म्हटले, की व्याकरणात संप्रदान येते, म्हणजे कोणाला तरी द्यावे लागते. आपण कचरा टाकतो असे म्हणतो, तेव्हा तो शून्यात जातो अशी आपली समजूत असते. वस्तुतः जगात शून्य नावाची जागा नाही. प्रत्येक पिशवी कोणाच्या तरी हातात पडते, आणि नंतर कोणाच्या तरी शिवाराशेजारी, नदीकाठी किंवा नाकातोंडात जाते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेच्या महापुराने सांगली आणि परिसराला वेढले. पाणी ओसरल्यावर रस्त्यारस्त्यांवर कचऱ्याचे ढीग लागले होते. नदी आपले दप्तर चोख ठेवते, हे तेव्हा दिसले. म्हणून जे आपण टाकतो म्हणतो, ते खरोखर देतो. आणि ते देणे कसे असावे, हा नीतीचा प्रश्न होतो.

आता निवडण्याच्या प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. निवडण्यासाठी आधी ओळखावे लागते, आणि वाटते तितकी ही ओळख अवघड नाही. भंगारवाला लोहचुंबक लावून लोखंड आणि ॲल्युमिनियम क्षणात वेगळे करतो. प्लॅस्टिकच्या वस्तूच्या तळाशी बाणांच्या त्रिकोणात एक ते सात यांपैकी एक आकडा असतो. ही पद्धत अमेरिकेत १९८८ साली सुरू झाली. पाण्याच्या बाटलीवर एक असतो, शांपूच्या जाड बाटलीवर बहुधा दोन, दुधाच्या पिशवीच्या जातीचा चार, जेवणाच्या डब्याचा पाच. दोन, चार आणि पाच या जातींचे तुकडे पाण्यावर तरंगतात. एक क्रमांकाचे बुडतात. नळाच्या पाइपाची जात, म्हणजे क्रमांक तीन, हीसुद्धा बुडते, आणि अडचण तेथेच आहे. ती पाण्याच्या बाटल्यांच्या ढिगात थोडी जरी राहिली, तरी वितळविताना तिच्यातून आम्ल निघून सारा माल नासतो. चकचकीत वेफर्सच्या पुड्यात प्लॅस्टिक आणि धातूचा पातळ थर असे चिकटलेले असतात, की त्यांची फारकत करणे कोणालाही परवडत नाही.

प्रत्येक पदार्थाचा पुनर्जन्मही निराळा असतो. काच कितीही वेळा वितळवून पुन्हा काच होऊ शकते. जुने ॲल्युमिनियम वितळवून वापरावयास, खनिजापासून नवे काढण्याच्या मानाने पाच टक्क्यांच्या आसपास ऊर्जा पुरते. कागदाचे तंतू मात्र प्रत्येक फेरीत आखूड होतात, आणि आमटी सांडलेला कागद तर पहिल्याच फेरीला मुकतो. ओला कचरा हवेशीर खड्ड्यात कुजला, तर त्याचे खत होते. तोच डोंगरासारख्या ढिगाखाली दडपला, तर हवेवाचून कुजून त्यातून मिथेन वायू निघतो. मुंबईच्या देवनार येथील कचराभूमीला जानेवारी २०१६ मध्ये लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहिली आणि शहरावर धूर पसरला. त्या ढिगातले खरकटे वेगळे निघून शेतात गेले असते, तर आमच्याकडच्या, खतापाण्याच्या अतिरेकाने क्षारपड होत चाललेल्या जमिनीसारख्या जमिनींना ते अमृतासमान झाले असते.

या साऱ्यांतून एकच गोष्ट निघते. मिसळण्यास क्षण लागतो आणि वेगळे करण्यास तास. पुष्कळदा तर ते अशक्यच होते. सकाळी स्वयंपाकघरात जे काम अर्ध्या मिनिटाचे आहे, तेच संध्याकाळी कचराभूमीवर एका माणसाचे दिवसभराचे, घाणीतले आणि धोक्याचे काम होते. आपण जे निवडीत नाही, ते निवडावयाचे टळत नाही. ते काम आपण दुसऱ्याच्या उघड्या हातांवर ढकलतो.

ते हात कोणाचे असतात, हे आपण सर्व जाणतो. या देशात घाण उपसण्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून नेमून दिले गेले. पुण्यात १९९३ साली 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, डॉ. बाबा आढाव यांचा तिच्या उभारणीत मोठा वाटा होता. आपण भिकारी किंवा चोर नसून कामगार आहोत, हे या स्त्रियांनी शहराला ऐकविले. त्यांना महानगरपालिकेची ओळखपत्रे मिळाली, आणि २००८ साली त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पालिकेशी करार करून घरोघर कचरा गोळा करू लागली. वापरलेले सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, अशी मोहीम याच स्त्रियांच्या अनुभवातून निघाली. ठिपका काढणे हे काम किती लहान! पण त्या ठिपक्याचा अर्थ असा, की ही पुडी उचलणारे कोणी तरी आहे, हे मला ठाऊक आहे.

येथे काही आक्षेप येतात, आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा, की आम्ही कर भरतो. हे काम नगरपरिषदेचे आहे. कर भरून आपण वाहून नेण्याची सेवा विकत घेतो हे खरे. दुसऱ्याला जखमी करण्याची मुभा विकत घेता येत नाही. शिवाय २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग करण्याचे काम कचरा निर्माण करणाऱ्यावरच टाकले होते.

दुसरा आक्षेप असा, की एका घराने काय होणार? चांगुलपणाच्या बाबतीत हे कदाचित खरे मानता येईल. निष्काळजीपणाच्या बाबतीत ते सर्वस्वी खोटे आहे. गल्लीतील दहा घरांनी कागद कोरडा ठेवला आणि अकराव्याने त्यावर खरकटे ओतले, तर दहांचे श्रम वाया जातात. एकट्याची काळजी थोडे काम करते, एकट्याची बेपर्वाई पुष्कळ.

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे: आम्ही वेगळे करतो आणि गाडीत ते पुन्हा एकत्र होते. अशी तक्रार अनेक गावांतून ऐकू येते आणि ती सरसकट खोटी म्हणता येणार नाही. परंतु शेजारच्या गावांनी काय केले तेही पाहावे. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत २०२० साली कराड, २०२१ साली आमच्याच जिल्ह्यातील विटा आणि २०२२ साली पाचगणी देशात पहिली आली. पाचगणीने तर जेथे कचरा साठे तेथे बाग केली. कोकणात वेंगुर्ल्याने कचऱ्याचे वीसहून अधिक प्रकार वेगळे करून दाखविले. दूर जपानमध्ये कामिकात्सु नावाचे डोंगरातील छोटे गाव चाळीसहून अधिक प्रकार करते. ही गावे देवदूतांची नव्हेत. तेथे नागरिकांनी निवडले आणि अधिकाऱ्यांना ते वेगळेच नेण्यास भाग पाडले. गाडीत मिसळत असेल, तर नगरसेवकाला विचारणे हाही निवडण्याचाच भाग होय. आणि सारे मिसळले, तरी कागदात बांधलेली काच हात कापत नाही.

चौथा आक्षेप आमचा आम्हांलाच सुचला. कचरा वेगळा केला, की मन हलके होते, आणि हलक्या मनाने आपण आणखी खरेदी करतो. निवडणे हे असे स्वस्तातले प्रायश्चित्त ठरण्याचा धोका खराच आहे. परंतु अनुभव थोडा निराळा आला. एकाच पिशवीत सर्व कोंबले जाई, तोवर आमच्या घरातून काय बाहेर पडते, हे आम्हांस ठाऊकच नव्हते. वेगळे ठेवू लागल्यावर आठवड्याच्या शेवटी वेफर्सच्या पुड्यांचा ढीग समोर दिसू लागला, ज्याला भंगारवालाही हात लावीत नाही. शिळ्या अन्नाचा डबा पाहून खाली मान घालावी लागली. पापनिवेदनापूर्वी आपण आत्मपरीक्षण करतो, तेव्हा 'मी पापी आहे' असे एका गाठोड्यात बांधून भागत नाही. एकेका दोषाला त्याच्या नावाने ओळखावे लागते. कचऱ्याचेही तसेच आहे. नाव घेतले, की पुढच्या वेळी ती वस्तू दुकानातून उचलताना हात अडखळतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात कचरा वेगळा करणे, लागेल तेवढेच शिजविणे, प्लॅस्टिक आणि कागद कमी वापरणे अशा घरगुती गोष्टींची गणना केली, ती याच दृष्टीने असावी. हजारोंच्या जेवणानंतर उरलेले तुकडे गोळा करावयास प्रभूने शिष्यांना लावले, हेही येथे आठवते. ज्याने भाकरी वाढविल्या, त्याला तुकड्यांची वाण नव्हती. तरीही बारा टोपल्या भरल्या गेल्या.

मात्र निवडण्याविषयी शुभवर्तमानात एक इशाराही आहे. गहू आणि निदण यांच्या दाखल्यात चाकर निदण उपटावयास उतावीळ होतात आणि धनी त्यांना थांबवितो. कापणीपर्यंत दोन्ही एकत्र वाढू द्यावे असे तो सांगतो. माणसांची निवड माणसांच्या हाती सोपविलेली नाही. आम्हांस राहून राहून वाटते, की आपल्या समाजाने नेमके उलट केले. जेथे निवडण्यास मनाई होती, तेथे आपण निवड केली. कोणी कोठे बसावे, कोणाच्या हातचे पाणी घ्यावे, कोणी केर उपसावा हे जन्मावरून ठरविले. आणि जेथे निवडणे कर्तव्य होते, त्या आपल्याच घरच्या केरात सारे एकत्र कालविले व ते निवडण्याचे काम त्या वेगळ्या काढलेल्या माणसांवर सोपविले. ख्रिस्ती म्हणवून घेणारी घरेही या उलट्या व्यवहारातून पूर्णपणे सुटली आहेत, असे आम्हांस म्हणवत नाही. वस्तू वेगळ्या करणे आणि माणसे एकत्र आणणे ही म्हणूनच दोन स्वतंत्र कामे नाहीत. घरात चार डबे ठेवणाऱ्याने ते डबे उचलणाऱ्या व्यक्तीला पाणी विचारले नाही, तर त्याचे निवडणे अपुरेच राहिले.

आमच्या घरी आता काय चालते, ते सांगून हा लेख संपवितो. ओल्या कचऱ्यासाठी परड्यात खड्डा आहे. त्याचे खत कढीपत्त्याला आणि शेवग्याला जाते. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालतो. प्रारंभी शेजारी हसत, आता दोन घरी तशीच दोरी दिसते. संपलेले सेल आणि मधुमेहाच्या सुया झाकणाच्या जाड डब्यात वेगळ्या ठेवतो. कधी आळस होतो, कधी पाहुण्यांच्या गडबडीत पुन्हा सारे एका पिशवीत जाते, आणि मग रात्री ती पिशवी उघडून बसावे लागते. फुटलेली काच मात्र एकदाही विसरलेलो नाही. ती जुन्या वर्तमानपत्राच्या चार घड्यांत बांधतो, वर सुतळी गुंडाळतो, आणि गाडी आली, की स्वतः बाहेर जाऊन "बाई, ह्यात काच आहे" असे सांगून पुडी हाती देतो. त्या बाईंच्या तळहातावर अंगठ्याखाली एक पांढरी रेघ आहे. पुडी घेताना ती दरवेळी आम्हांस दिसते.